बक्षिसाचा संडास

"हात दाखव," भार्गवीबाई म्हणाल्या.

दुर्गानं दोन्ही तळवे पुढं केले. मनगटापर्यंत लाल-काळे. जमलेल्या पोरांच्या आयांनी माना उंच करून पाहिलं आणि बाईंच्या जिवाला गार वाटलं. पुरावा म्हणतात तो हाच.

शाळेतल्या एकोणीस पोरांच्या तपासणीत जंत निघाले होते. एवढं झाल्यावर कोणाचं तरी नाव घ्यायला हवंच होतं, आणि शाळेची खिचडी शिजवायची दुर्गा. सकाळी भैरवगढच्या कापडछपाईच्या कारखान्यात रंग कालवायचा आणि अकराला येऊन त्याच हातांनी पोरांना वाढायचं. हेडबाई म्हणून भार्गवीबाईंनी अर्ज तयारच ठेवला होता: 'दुर्गाच्या अस्वच्छतेमुळे मुलांना जंत झाले, सबब तिला कामावरून काढावे.' तो त्यांनी तपासणीला आलेल्या आरोग्य खात्याच्या डॉक्टर निहारिकांच्या हातात दिला होता; खाली त्यांची सही झाली की विषय संपला.

"मॅडम, हा रंग आहे," दुर्गा म्हणाली. बऱ्हाणपूरकडची बाई, या हिंदी मुलखात मराठी बोलायची, म्हणून तर बाईंनीच तिला चार वर्षांपूर्वी ठेवून घेतलं होतं. भोगा आता. "कातडी निघंल पण हा निघायचा नाही. माझं चुलीवरचं काम काढू नका, त्याच्यावर घर चालतं माझं. मी रोज साबणानं हात धुते. घरून आणते साबण."

"घरून कशाला?" निहारिकांनी विचारलं. "शाळेत साबण नाही?"

"आहे ना. संडासात आहे."

"मग?"

"संडासाला ताला आहे."

तोंड वर करून बोलते कशी बघा, बाईंना वाटलं. असल्यांना काय समजावणार? गेल्या साली 'स्वच्छ शाळा' म्हणून पहिलं बक्षीस मिळालं ते त्या संडासापायीच. पांढऱ्या फरशा, आरसा, साबणाच्या वड्या, सगळं कसं लखलखीत. फोटो ऑफिसात लावलाय. ते तसंच राहावं म्हणून बाईंनी दुसऱ्याच दिवशी कुलूप घातलं. वापरलं की घाण होणारच, एवढी साधी गोष्ट. त्या स्वतःसुद्धा माधवनगरहून सगळं आटपून येत आणि घरी जाईपर्यंत कळ काढत. सोसणं काय एकट्या पोरांच्याच वाट्याला होतं?

"मग बच्चे जातात कुठं?" निहारिकांनी दुर्गालाच विचारलं.

"भिंतीमागं. अनवाणीच. तिथनं तसेच उठून येतात आणि माझ्यापुढं ताट धरतात. मी किती जणांना परत पाठवू? पाठवलं तर मॅडम ओरडतात, जेवायची वेळ टळली म्हणून."

"चोराच्या उलट्या बोंबा," बाई म्हणाल्या. मुद्दाम हिंदी सोडून मराठीत, आयांना कळू नये म्हणून. पण निहारिकाही मराठीच, त्यांना ते नीट कळलं.

"उघडा मॅडम," त्या म्हणाल्या.

किल्ली बाईंच्या पर्समध्ये, घरच्या जुडग्यात होती. सगळा घोळका मागोमाग आला. बाईंनी किल्ली घातली, फिरवली, पुन्हा फिरवली. कुलूप गंजून बसलेलं. बाईंचा चेहरा तापला. इतक्या जणांसमोर एक कुलूप निघू नये, आणि तेही आपल्याच हातचं. दुर्गा स्वयंपाकघरात गेली आणि पळीभर तेल घेऊन आली. लाल-काळ्या बोटांनी तिनं कुलपात थेंब सोडले. दोन हिसक्यांत कुलूप उघडलं.

आत डाग नाही, ओल नाही, वास नाही. साबणाच्या चारही वड्या अजून कागदातच होत्या. वर बाईंनी स्वतः वळणदार अक्षरात रंगवलेली पाटी: शौचास चप्पल घालूनच जावे. नंतर साबणाने हात धुवावेत.

दुसरीतली पूजा मघापासून पायाला पाय आवळून उभी होती. ती हळूच पुढं सरकली. "मैडम, मैं जाऊँ?"

निहारिकांनी मान हलवली.

"चप्पल बाहेर काढ," बाई म्हणाल्या. "फरशी खराब होते."

निघून गेलं तोंडातून. सवयच ती. सांगायची गरजही नव्हती म्हणा. देवळात जाताना काढतात तशी पोरीनं चप्पल आधीच काढून उंबऱ्याशी नीट लावून ठेवली होती. ती अनवाणीच आत शिरायला लागली.

"चप्पल पहनकर जाओ, बेटा," निहारिका म्हणाल्या.

पूजानं बाईंकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं, मग पुन्हा बाईंकडं. ती तिथंच अडकून राहिली. शेवटी दुर्गानं वाकून चप्पल तिच्या पायात चढवली.

बाईंना आठवलं, अर्ज अजून निहारिकांच्या हातात आहे. निदान सही तरी होईल. निहारिकांनी खरंच पेन काढलं. कागद भिंतीला टेकवला आणि दुर्गाच्या नावावर एक सरळ रेघ मारली. बाकी एका शब्दाला हात लावला नाही. मग कागद आणि पेन, दोन्ही भार्गवीबाईंपुढं धरलं.

"बाकी अर्ज बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नाव तेवढं तुम्ही घाला."