एकच ठेका

शलाकाचा रोबो पुन्हा मागे सरत सरत स्पर्धेच्या टेबलावरून पडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर दोन हात जागा मोकळी, तरी हा भित्रा पळतोय!

पलीकडून बिल्वाचा रोबोही धप्पकन पडला. गेल्या वर्षी दोघी एकाच टीममध्ये होत्या. प्रमाणपत्रावर आधी नाव कुणाचं, यावरून बिनसलं, ते आजवर अबोला.

मग शलाकाच्या ध्यानात आलं. दोघींनी यंदाही तेव्हा मिळून लिहिलेला प्रोग्रामच वापरला होता. फेरीची शिट्टी वाजली की अडथळा ओळखण्यासाठी दोन्ही रोबो एकाच ठेक्यात आवाज सोडत आणि समोरच्याचा आवाज आपलाच प्रतिध्वनी समजून बिचकत. एकीनं ठेका बदलला की झालं.

पण बिल्वाला सांगायला तिची जीभ रेटेना. शेवटी दातओठ खात तिनंच लॅपटॉप उघडला आणि ठेका साठावरून ऐंशीवर नेला.

शेवटची शिट्टी वाजली. दोन्ही रोबो बिचकले, मागे सरले आणि खाली पडले.

"ठेका किती ठेवलास?" वर्षभरात शलाका बिल्वाशी पहिल्यांदाच बोलली.

"ऐंशी," बिल्वा चिडून म्हणाली. "म्हटलं, आपणच पडतं घ्यावं!"