उभी बाटली, आडवी बाटली

करमाडजवळच्या विश्वजीतच्या वायनरीत प्रत्येक बाटलीवर त्याच्या आईचा, द्वारकाबाईंचा, पैठणीतला फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'मातीशी इमान, घराण्याचा वारसा'. द्राक्षं विषमुक्त, पाणी ठिबकचं. वाईन प्यायला शहरातून गाड्याच्या गाड्या यायच्या आणि बुचाची बाटली घरी कशी ठेवायची, हे विश्वजीत पाहुण्यांना स्वतः समजावून सांगायचा. पण वायनरीच्या दुकानातल्या स्वस्त बाटल्यांपायी गावातले बापेही रोज संध्याकाळी द्राक्षांच्या मांडवाखाली झिंगून पडायला लागले.

शेवटी बायांनी दुकान बंद करायला मतदान मागितलं. बाटली उभी राहिली तर दुकान चालू, आडवी झाली तर कुलूप. विश्वजीतचं धाबं दणाणलं.

"आई, बाया तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. घरोघर जा अन् त्यांना समजावून सांग. ही दारू नाही, आपला वारसा आहे. तो टिकला पाहिजे."

"टिकवू की," म्हणत द्वारकाबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि उन्हातान्हात सगळं गाव पालथं घातलं. विश्वजीत निर्धास्त झाला.

निकाल लागला. बाटली आडवी झाली, तीही दणक्यात. विश्वजीत तणतणत मळ्यात गेला.

"आई, तू बायांना सांगितलंस तरी काय?"

द्वारकाबाईंनी गांडूळखताचं घमेलं खाली ठेवलं.



"तू पाव्हण्यांना रोज सांगतोस तेच, बाबा. आपली बाटली उभी ठिवली की नासती, अन् आडवी ठिवली की लई वर्सं टिकती."