वाकडी लावणी

ओळ सरळ धरायची दोरी रंभाबाईनं बांधावर फेकली आणि मनाला येईल तिथं भाताची रोपं खोवायला लागली. एक इथं, एक तिथं. बांधावर बसलेल्या नवऱ्याला नीट दिसेल अशा बेतानं.

"रंभे, डोकं फिरलं का तुझं?" साळूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तण काढायचं कोळपं कसं फिरायचं यातनं?"

"न्हाई फिरलं तर हातानं बेणू. तू बी वाकडं लाव."

जयसिंग बांधावर शांत बसला होता, सकाळी लेकीनं बसवला तसाच. भुरभुर अंगावर आली, तरी शेजारचा प्लास्टिकचा कागद त्यानं डोक्यावर ओढला नव्हता. एरवी दोरीपासून बोटभर रोप हललं, तरी हाच माणूस अख्खं कोळवण गाव डोक्यावर घ्यायचा.

उन्हाळ्यात त्याच्या मेंदूतली एक शीर तुंबली. हातपाय शाबूत राहिले, वाचाही राहिली. पुण्याच्या डॉक्टरांनी रंभाबाईला समजेल असं सांगितलं होतं : कपाळामागं एक जागा असते, माणसाला आतून 'ऊठ, हे कर' म्हणणारी. तीच दुखावली आहे. काहींची सुधारते, काहींची नाही.

"मी म्हणते, सुखी झालाय की गं जीव," साळूबाई म्हणाली. "ना राग, ना कटकट. आमचं ध्यान घेतीस का बदल्यात?"

लावणीला आलेल्या बायका हसल्या. रंभाबाईही हसली, पण तिचा हात थांबला नाही.

"सुखी माणूस भूक लागली की भाकर मागतो, साळे. ह्ये मागत न्हाईत. मी इसरले तर उपाशी बसत्यात. अन् तोंड असंच, शांत."

साळूबाई वाकली आणि तिनं हातातलं रोप मुद्दाम भलतीकडं खोवलं. बाकीच्यांनीही तेच केलं. बघता बघता खाचराची रया गेली.

दुपार कलली. जयसिंग बघत होता, पण नुसत्या पाण्याकडं बघावं तसा. उद्या हे सगळं उपटून पुन्हा लावायचं, या विचारानं रंभाबाईची कंबर आणखीच भरून आली.

एवढ्यात मागं चिखल पचकन वाजला.

जयसिंगचा एक पाय खाचरात होता, चप्पल पायात तशीच. त्यानं वाकून एक रोप उपटलं आणि ते कुठं लावावं, हे शोधत तो उभा राहिला.

"अगं बया..." साळूबाई पुटपुटली.

"तिकडं बघू नका गं," रंभाबाई मान खाली घालूनच म्हणाली. "लावा. आजून वाकडं लावा."