लेकाचं उरलेलं

धैर्यशीलचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या आई, आईसाहेब, कागलला सुनेच्या माहेरी आल्या. टेस्ट ट्यूबचे उपचार फसल्यावर त्यांनीच वृषालीला इथं आणून सोडलं होतं. आईच्या शब्दाबाहेर नसलेला धैर्यशील तिला न्यायला कधी आलाच नाही. सोडचिठ्ठी होण्याआधीच तो अपघातात गेला.

आज आईसाहेब वृषालीसमोर जमिनीवर बसल्या. "दवाखान्यात तुमचे तीन गर्भ गोठवून ठेवलेत ना? एक तरी पोटात वाढव. जन्मलं की मी घेऊन जाईन, तू मोकळी. माझ्या लेकाचं आता तेवढंच उरलंय."

"ते नाहीत आता," वृषाली म्हणाली. "दवाखान्यानं विचारलं, ठेवायचे की टाकायचे. दिवाळीनंतर मी टाकायला सांगितले."

"मला न विचारता?"

"विचारायलाच फोन केला होता. एकटीनं मूल वाढवायचा धीर नव्हता मला. तुम्ही सोबत असता, तर मी तयार होते. पण मी 'आईसाहेब' म्हणेपर्यंत तुम्ही म्हणालात, 'माझा लेक खाल्लास, आता तुझा आवाजही नको.' आणि फोन ठेवलात."

आईसाहेबांना तो फोन आठवला. त्या वेळी घरात भजनाच्या बायका जमल्या होत्या. सुनेला एका वाक्यात कसं गप्प केलं, ते त्यांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं होतं, आणि बायकांनी माना डोलावल्या होत्या.