छातीचा फोटो

खोकल्यानं बेजार झालेल्या सिद्धरामआप्पांचा शिरूर अनंतपाळच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला आणि तो लातूरच्या छातीच्या डॉक्टरला ताबडतोब दाखवा म्हणून बजावलं. त्याला पंधरा दिवस झाले. आप्पा रोज विचारायचे अन् मुलगा मल्लेश रोज तेच सांगायचा, "दुकान सोडून कसं जमंल, आप्पा? जरा दम धरा की."

सूर्यग्रहणाच्या दिवशी मात्र मल्लेशनं दुपारीच दुकानाला कुलूप लावलं. गच्चीवर हसणं-खिदळणं ऐकून आप्पा धापा टाकत जिना चढले. बघतात तर एक्स-रेचे कात्रीनं चार तुकडे केलेले, अन् मल्लेश आणि त्याचे तीन दोस्त एकेक तुकडा डोळ्याला लावून आभाळाकडं बघत उभे.

"या आप्पा, या! तुमच्या बरगडीतून सूर्य लई झकास दिसायलाय!" मल्लेश ओरडला.

आप्पांना पोटच्या पोराची शिसारी आली. ते तसेच खाली उतरले.

* * *

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आप्पा एकदाचे लातूरला गेले. डोळ्यांपुढं अंधारी आलेल्या मल्लेशचा हात धरून, डोळ्यांच्या डॉक्टरकडं.