अळणी

फूवोंग होडीतून उतरला तेव्हा अजून फटफटलंही नव्हतं, आणि त्याच्या झोळीत मिठाची पिशवी होती. आईसाठी. थाय काठावरून मेकाँग ओलांडताना अख्खी वाट तो एकच वाक्य घोकत आला होता. पिशवी आईच्या पुढ्यात आपटायची आणि म्हणायचं, "घे, आता तरी घाल!" मग आई हसेल. नाहीतर पिशवी फेकून मारेल. काहीही चाललं असतं त्याला.

घरी कोण असणार म्हणा! पितरांची पहाट होती, सगळं गाव विहारात. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी मेणबत्ती आणि केळीच्या पानांतली पुडकी. भात, मासा, केळं, ज्याला जे आवडायचं ते. या एका पहाटे मेलेली माणसं भुकेली येतात, आणि कुणी नाव घेऊन बोलावलं नाही तर बिचारी नुसती बघत उभी राहतात.

फूवोंग विहाराच्या आवारातल्या फणसामागे उभा राहिला, आई दिसतेय का बघत. आई दिसेना. ताई दिसली. सेंगदावताई! चालण्यावरूनच ओळखली त्यानं, डावा पाय अजून तसाच आपटत चालत होती. ती आली ती थेट त्याच फणसाशी, खाली बसली आणि एकेक पुडकं मांडायला लागली.

"आजोबा, या. आजी, ये, तुझा विडा आणलाय, चुना जास्त लावलाय."

तिसरं पुडकं ठेवलं. "आई, ये."

फूवोंगनं झाडाला हात टेकला.

चौथं ठेवलं. "फूवोंग, तूपण ये रे. आता तरी रुसू नकोस."

"ताई," तो म्हणाला. निघूनच गेलं तोंडातून.

ताईनं मान वळवली नाही. होती तशीच बसली. "आलास? बस. खा आणि गुपचूप जा. घरापर्यंत मागे यायचं नाही."

"अगं ताई, मी जिवंत आहे!"

"सगळे तसंच म्हणतात."

तो पुढे उजेडात आला. ताई उठली, मेणबत्ती त्याच्या तोंडासमोर धरली, बघितलं, बघितलं, आणि फाडकन एक ठेवून दिली.

"आई गं!"

"भुताला लागत नाही," ताई म्हणाली, आणि मटकन खाली बसली. शेजारच्या झाडाशी एक म्हातारी पुडकं हातात धरून उभी होती, ती कुणाचं नाव घ्यायचं तेच विसरली.

"तुझा तराफा सापडला होता," ताई म्हणाली. "पुरात. उलटा."

"मी पोहून लागलो काठाला."

"मग सांगावा? एक शब्द, कुणाच्या तरी हाती?"

"आधी होड्या बंद होत्या. मग सुरू झाल्या, तेव्हा म्हटलं उद्या पाठवू. मग लाज वाटायला लागली."

"उद्या," ताई म्हणाली.

"आई कधी?"

"आत्ताच रे. यंदाच्या लावणीत."

यंदाच्याच लावणीत, पलीकडच्या शेतात, गुडघाभर चिखलात उभं राहून तो स्वतःशी म्हणाला होता, एवढी लावणी उरकू दे, मग जाऊच आईकडे.

"तुझं पुडकं तीच करायची," ताई सांगत होती. "मला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, अळणी म्हणून घास टाकून उठला पोरगा आणि नदीत गेला, याचं मीठ मीच घालणार. यंदा पहिल्यांदा मी केलंय."

तो खाली बसला. चौथं पुडकं ओढलं आणि दोरी सोडायला लागला.

"अरे, अरे! मेलेल्यांचं आहे ते!"

"माझंच आहे ना?"

ताईनं आडवा घातलेला हात मागे घेतला.

त्यानं पान उलगडलं. भाताचा छोटा गोळा केला, त्याला मासा लावला, तोंडात घातला. ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मीठ?" तिनं विचारलं. "घातलं की नाही, मला आता आठवतच नाहीये रे."

मासा अळणी होता. ठार अळणी, अगदी त्या दिवशीसारखा.

"बरोबर आहे," फूवोंग म्हणाला. काटा काढून बाजूला ठेवला आणि पुढचा घास घेतला. मग त्याच्या पुढचा. भातानं पान पुसून घेतलं. झोळी मांडीवरच होती, पण पिशवीची गाठ काही त्यानं सोडली नाही.