समोरासमोर

लिफ्टचं दार उघडलं आणि बागवाली बाई दचकलीच. समोर, अगदी दाराला नाक लावल्यासारखी, म्हातारी खुर्ची टाकून बसली होती.

"घाबरू नकोस, वेड नाही लागलं मला," म्हातारी हसली. "घरात भिंतीचं तोंड बघत बसण्यापेक्षा इथं बरं. दार उघडतं, माणूस दिसतं."

'बागवाली बाई' हे नाव वस्तीनंच तिला दिलेलं. उभा जन्म तिनं बागा, चौक आणि वसाहती आखण्यात घालवला होता. ती जुनी वस्ती पाडून या इमारती उभ्या करायचं ठरलं, तेव्हा काय हवं, काय नको, असं विचारत ती दारोदार हिंडली होती. कुणाला नळ घरात हवा होता, कुणाला पोरींसाठी वेगळी खोली. म्हातारीनं एवढंच मागितलं होतं, "शेजारणीचं दार माझ्या दारासमोर असू दे."

बाईनं नकाशात ते बसवलंही होतं. जुने शेजारी एकाच मजल्यावर, दारं समोरासमोर. पण वरून उत्तर आलं, "घरं सोडतीनंच मिळतील. प्रत्येकाचे लाड पुरवायचे तर जन्म जाईल." बाई भांड भांड भांडली आणि शेवटी तिनं हात टेकले. शेजारणीला घर लागलं ते वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला.

आज, लोक राहायला येऊन वर्ष झाल्यावर, ती विचारपूस करायला आली होती.

"शेजारीणबाई कशा आहेत, आजी? भेट होते ना?"

म्हातारीनं गुडघ्यांवरून हात फिरवला.

"गेली ती. मला भाजीवाल्याकडून कळलं. तोवर सगळं उरकलंही होतं." मग म्हणाली, "आख्खा संसार झाला आमचा त्या जुन्या वस्तीत, समोरासमोर. रात्री ती खोकली तरी मला कळायचं गं."

"आजी, मी..."

"तू कशाला तोंड पाडतेस? आम्हाला विचारायला आलेली तू एकटीच." म्हातारीनं तिचा हात धरला. "खालचा तुझा चौक खिडकीतून छान दिसतो हो. झाडंही चांगली धरलीत. पण हे मेले गुडघे तिथवर नेत नाहीत. आणि बाकावर कधी ओळखीचं माणूस दिसत नाही. जाताना जरा बसशील? मी बघते."

बाई खाली आली. बाकावर टेकली. मान वर केली.

खिडक्या सगळ्या एकसारख्या. सगळ्यांच्या काचांत आभाळ. म्हातारीची कोणती, काही केल्या ओळखू येईना.

तिनं हात वर केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका खिडकीकडे बघत, ती हलवत राहिली.